घरटी एक चिन्ह

७ जानेवारी

बऱ्याच काळानंतर ही वही उघडते आहे. मुलगा गेल्यापासून लिहावंसं वाटलंच नव्हतं. आज वाटलं, कारण आज मला काम मिळालं.

आमच्या गल्लीसमोर बंद पडलेल्या गोदामाची भिंत आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिचा उपयोग लोक आजवर दोनच गोष्टींसाठी करत आले. एक थुंकणं, आणि दुसरी इथे लिहिण्यासारखी नाही. गल्लीच्या बैठकीत ती रंगवायचं ठरलं आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवल्याची ही शिक्षा.

मी म्हटलं, रंगवते, पण डोंगरामागून उगवणारा सूर्य काढणार नाही. घरटी एक चिन्ह घ्यायचं. ज्याच्या त्याच्या घराला जे आपलं वाटतं ते. घरातल्या सगळ्यांचं त्यावर एकमत हवं, आणि कोळशाने आकृती घरच्याच माणसाने काढायची. रंग मी भरीन. चौकोन घरांच्या क्रमानेच आखायचे, म्हणजे भिंत बघितली की गल्ली दिसली पाहिजे. नाव मात्र कुणाचंही लिहायचं नाही. निवृत्त कंडक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही नियम सांगायला लागलात की मला अजून बाकावर उभं राहावंसं वाटतं." सगळे हसले. मीही हसले. किती दिवसांनी.

आमच्या घराचं चिन्ह काय, हे मी बोलता बोलताच ठरवून टाकलं होतं. त्याचे धावायचे बूट. घरी येताना सूनबाईला सांगितलं. ती म्हणाली, "बघू, आई."

११ जानेवारी

चिन्हं यायला लागली आहेत. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात ते खरं. कंडक्टरांनी तिकिटाचा चिमटा दिला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मेलेल्या मांजरीची शेपटी दिली, नुसती शेपटीच, कारण ती कायम कपाटामागून तेवढीच दिसायची. दोन भावांच्या घरात तर रणकंदन. वाटणी झाल्यापासून एकाच घराला दोन दारं आहेत, तेव्हा चौकोन एक की दोन? थोरला म्हणतो एक, धाकटा म्हणतो दोन. मी म्हटलं, चूल किती? दोन. मग चौकोन दोन. त्यावर दोघांनीही चिन्ह एकच दिलं, वडिलांची काठी. आता काय बोलणार!

आमच्याकडे मात्र अजून "बघू" चालू आहे. एकमताचा नियम मीच केला, तेव्हा मलाच पाळायला हवा. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

१४ जानेवारी

रंगाचे डबे ठेवायला गोदामाची एक खोली मिळाली, पण कुलूप गंजलेलं. गल्लीच्या शेवटच्या घरात कुलूपवाला राहतो, पुढे दुकान, मागे खोली. येऊन वर्षच झालं असेल. चाळिशीचा, एकटा, कमी बोलणारा माणूस. दुकानात एकच स्टूल. ते मला दिलं आणि स्वतः उभ्याउभ्याच काम केलं. आमच्या सूनबाईने दाराच्या कुलपासाठी हाच माणूस शोधून काढला होता. ते कुलूप अजून अधूनमधून अडतं, तिला सारख्या खेपा घालाव्या लागतात. मी त्याला सुनावलंच, "अहो, एकदाच काय ते नीट करून द्या, पोरीला कामावरून दमून येऊन तुमच्याकडे हेलपाटे मारावे लागतात." बिचारा ओशाळला. म्हणाला, "चुकलंच, बाई."

त्याचं चिन्ह विचारलं. किल्लीच असणार, वेगळं विचारायची गरजच नव्हती. तो म्हणाला, "माझं शेवटी घ्या. अजून ठरत नाहीये."

एकट्या माणसाचंही एकमत होत नाही, म्हणजे कमाल आहे.

१९ जानेवारी

आज बुटांचं रेखाटन केलं. बूट दाराजवळच्या फळीवरच असतात. तो सकाळी धावायला गेला आणि ट्रकने उडवला, त्या दिवशी ते पोलिसांनी पिशवीत घालून आणून दिले होते. मी ते धुतले, नाड्या नव्या ओवल्या, आत कागद कोंबून आकार परत आणला. दर रविवारी पुसते. माझ्या हातून त्याच्यासाठी आता एवढंच होतं.

रेखाटन झकास उतरलं. सूनबाई भाजी चिरत होती, तिला दाखवलं. आमच्या ओट्याशी दोघींना धड उभं राहता येत नाही. ती डावखुरी, मी उजवी, आणि मी हट्टाने डाव्या कोपऱ्यात उभी राहते, त्यामुळे कोपरं सारखी आदळतात. तिच्या लग्नापासूनची आमची ही लढाई. तो असताना म्हणायचा, "तुम्ही दोघी घरात नाही, आखाड्यात राहता."

तिने सुरी खाली ठेवली, हात पुसून कागद घेतला आणि बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "आई, त्याचे बूट असे नव्हते."

"असे म्हणजे कसे? समोर ठेवून काढलेत."

"त्याच्या बुटांची टाच कायम चेपलेली असायची. नाड्या न सोडता पाय घुसवायचा ना."

मला राग आला. सबंध चित्रात हिला टाचच दिसली. वाईट सवय होती ती त्याची, लहानपणापासून ओरडत आले मी. ती भिंतीवर कशाला? ते मी बोलूनही दाखवलं. ती परत चिरायला लागली.

तिचं काय चाललंय मला कळत नाही. पूर्वी त्याच्याबद्दल बोलायची, रडायची तरी. आता नीट जेवते, केस नीट बांधते, परवा तर न्हाणीघरात गुणगुणत होती. दार उघडून मला बघितल्यावर गप्प झाली. मला भीती वाटते. जगात त्याची आठवण मनापासून काढणारी आम्ही तीनच माणसं. त्यातली एक कमी झाली, तर तो तेवढा आणखी मरेल. हे मी कुणाजवळ बोलत नाही. यांच्याजवळही नाही. यांना ऐकू कमी येतं, आणि ओरडून सांगण्यासारखं हे नाही.

२६ जानेवारी

चुन्याचा दुसरा हात झाला. सुतळी निळीत बुडवून चौकोन आखले. कंडक्टर एक टोक धरून धावले आणि पाठीत उसण भरून घेतली.

जेवताना सूनबाईने विचारलं, "आई, भिंत रंगवून झाल्यावर कुणी घर बदललं तर?"

म्हटलं, "तर काय? चिन्ह तिथेच राहील. माणसं जातात, भिंत जात नाही."

"आणि आधीच बदललं तर?"

"तर नव्या घराच्या चौकोनात जाईल. का गं? काकू मुलाकडे राहायला जाताहेत की काय?"

ती म्हणाली, "सहज विचारलं." यांनी मान खाली घालून ताटातला शेवटचा घास उगाच चार वेळा चिवडला. काकू जाणार असतील तर मला वाईट वाटेल. गल्लीत बोलायला तेवढ्याच आहेत.

४ फेब्रुवारी

आकृत्या काढायला सगळी गल्ली रस्त्यावर. कंडक्टरांचा चिमटा खेकड्यासारखा झालाय, पण हात लावायला देत नाहीत. दोघा भावांनी शेजारीशेजारी बसून वडिलांची काठी काढली. एकाची सरळ, एकाची वाकडी. वाटणी झाल्यापासून आज पहिल्यांदा एकमेकांशी बोलले, तेही कोळसा मागण्यापुरतं. मला भरून आलं.

आमचा चौकोन पांढरा. सूनबाईला म्हटलं, एक बूट मी काढते, एक तू काढ. म्हणाली, "मला बूट काढायला नका लावू, आई." मग काय काढायचं ते तरी सांग! तर डोळे भरून उभी राहिली. माणसांत तमाशा नको म्हणून मी विषय सोडला.

कुलूपवाल्याचाही चौकोन कोराच. गल्लीच्या त्या टोकाला तो, या टोकाला आम्ही.

८ फेब्रुवारी

सकाळी जाऊन बघते तर कुलूपवाल्याच्या चौकोनात चित्र! किल्ली नाही, कुलूप नाही. दोन स्टुलं. एक उंच, एक बुटकं, शेजारीशेजारी. साधी स्टुलं, पण अशी काढलेली की आत्ताच कुणी त्यांवरून उठून गेलंय आणि परत येणार आहे. शाळेत असती तर ही आकृती मी फळ्याशेजारी लावली असती. एकट्या माणसाला दोन स्टुलं कशाला? गिऱ्हाइकासाठी असणार. माणूस दिसतो त्यापेक्षा मायाळू आहे.

आणि माझी नजर अजून शाबूत आहे! सावलीच्या तिरक्या रेघा बघितल्याबरोबर ओळखलं. उजव्या हाताच्या माणसाच्या रेघा वरून डावीकडे उतरतात, डावखुऱ्याच्या उजवीकडे. या उजवीकडे उतरल्या होत्या. घरी येऊन जाहीर केलं, "कुलूपवाला डावखुरा आहे, बरं का. आपल्या सूनबाईसारखा. मी रेघेवरून माणूस ओळखते!"

सूनबाई पाणी पीत होती. तिला जोराचा ठसका लागला. मी पाठ थोपटली. यांना वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून परत मोठ्याने सांगितलं. हे म्हणाले, "ऐकलं." आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. या घरात कौतुक म्हणून कुणाला नाही.

१५ फेब्रुवारी

सगळ्या चौकोनांत रंग भरत त्या टोकापर्यंत पोहोचले. स्टुलांना मी जीव लावून रंग दिला. उंच स्टुलाला जुन्या सागवानाचा, बुटक्याला जरा उजळ. बुटक्याच्या एका पायाला पट्टी ठोकलेली दाखवली होती, ती तशीच ठेवली. रेघांचा तिरका कल मोडू दिला नाही. सगळ्या भिंतीत हा चौकोन उजवा झालाय, माझ्याच हातचा असून म्हणते.

सूनबाई कामावरून येताना तिथे थांबली. म्हणाली, "किती छान केलंत, आई." आणि माझा रंगाने बरबटलेला हात धरून गालाला लावला. कपडे खराब होतील म्हणाले तरी सोडेना. वेडी पोर. आता बुटांचंही जमेल, असं वाटतंय.

१९ फेब्रुवारी

आज काय झालं ते लिहून काढते.

रंगाच्या खोलीची किल्ली कुलपात मोडली, म्हणून दुकानात गेले. तो कानस घासत होता. उजव्या हाताने. मी थट्टेने म्हटलं, "अहो, डावखुरे ना तुम्ही?" तो गडबडून म्हणाला, "नाही, बाई." मी म्हटलं, "मग चित्र कुणी काढलं?"

 बसायला म्हणून त्याने स्टूल पुढे केलं. एक नाही, आता तिथे दोन होती. दुसरं बुटकं, पायाला पट्टी ठोकलेलं. त्यावर कापसाची गादी आणि गादीला खोळ आमच्या मधल्या खोलीच्या जुन्या पडद्याची. तो पडदा मी स्वतः शिवला होता.

मी तशीच निघाले. खोली उघडता येत नव्हती, पण पांढऱ्याचा डबा बाहेर राहिला होता. मोठा ब्रश घेतला आणि तो चौकोन पांढरा केला. दोन हात दिले. कंडक्टर "बाई, बाई" करत आले, मी त्यांना म्हटलं, बाजूला व्हा.

रेघेवरून माणूस ओळखते म्हणे. घरातलं माणूस ओळखता आलं नाही.

२० फेब्रुवारी

सकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. मी चहा गाळत होते, मान वर केली नाही.

ती म्हणाली, "आई, सांगायला हवं होतं. रोज ठरवायचे. तुमच्याकडे बघितलं की धीर व्हायचा नाही."

"चोरून करायला बरा झाला धीर."

"चोरून नव्हतं करायचं. बैठकीत तुम्ही म्हणालात ना, आपलं वाटतं ते काढा. तेवढं एकदा खरं काढावंसं वाटलं."

मी म्हटलं, "मग त्याला विसरलीस, असं स्पष्ट म्हण."

त्यावर ती चिडली. कधी आवाज न चढवणारी मुलगी ती. "विसरले? त्या फळीसमोरून रोज जाते मी. ते बूट मला ओळखू येत नाहीत, आई! कागद भरून, नाड्या बांधून तुम्ही ते दुकानातले करून टाकलेत. माझ्या नवऱ्याचे बूट चेपलेले होते. त्यांना घामाचा वास यायचा. आंघोळीच्या आधी ते दाराच्या मधोमध टाकायचा आणि मी रोज अडखळायचे. त्या माणसाची मी बायको होते. तुमच्या चित्रातल्याची नाही."

मी काय बोलले असेन? "जा," म्हणाले. "जायचंय ना, जा."

ती उठून कामावर गेली. चहा तिघांचा केला होता, तो तसाच गार झाला.

२३ फेब्रुवारी

भिंतीकडे गेले नाही. काकू विचारायला आल्या, डोकं दुखतंय सांगितलं.

संध्याकाळी यांना म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. हे म्हणाले, "हो. पडदा तिने मला विचारून नेला."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू ऐकलं असतंस?" बहिरे हे, आणि मला विचारतात. मग म्हणाले, "मी त्याच्या दुकानात जाऊन बसतो अधूनमधून. चांगला माणूस आहे. आपल्या मुलाबद्दल विचारतो, कसा होता, काय आवडायचं. सांगायला बरं वाटतं. घरात तू त्याचं नाव घेऊ देत नाहीस."

मी! मी नाव घेऊ देत नाही? दर रविवारी त्याचे बूट कोण पुसतं?

रात्रभर हेच आठवत राहिले. मी बूट पुसते. खरंच, नाव घेत नाही.

२ मार्च

पहाटे गल्ली उठायच्या आत भिंतीपाशी गेले. पांढऱ्या रंगाखालून स्टुलांच्या रेघा पुसट दिसत होत्या. कोळसा घेतला. सवयीने उजव्या हातात घेतला, दोन रेघा मारल्या आणि थांबले. सावली भलत्याच बाजूला उतरत होती. हे तिचं चित्र नव्हतं, मी दुरुस्त केलेलं होतं. बुटांसारखंच.

पुसून कोळसा डाव्या हातात घेतला. जन्मात डाव्या हाताने रेघ मारली नव्हती. हात ऐकेना. बुटक्या स्टुलाचा पाय तीनदा पुसावा लागला. भिंतीला कपाळ टेकवून मी रडले, मग परत काढलं. उजाडेपर्यंत दोन्ही स्टुलं उभी राहिली. तिच्याइतकी सफाईदार नाहीत, पण रेघांचा कल तिचा आहे.

वळून बघते तर कुलूपवाला दुकानाच्या पायरीवर. केव्हापासून होता कोण जाणे. म्हणाला, "बाई, चहा ठेवू?"

म्हटलं, "ठेवा." आतलं बुटकं स्टूल त्याने पुढे केलं. मी उंच घेतलं. बुटकं तिचं आहे.

९ मार्च

परवा लग्न नोंदणीच्या कचेरीत जाऊन दोघं सह्या करून आले. आम्हीही साक्षीदार म्हणून सही केली. यांनी कोट घातला होता. माझी सही मलाच ओळखू आली नाही, इतकी वाकडी आली.

आज ती निघाली. सामान दोन पिशव्या. गल्लीच्या त्या टोकाला तर जायचं, पण काकू अशा रडल्या, जणू तिला जहाजावर बसवायला आल्या होत्या. मी रडले नाही. तिला म्हटलं, "जाताना माझ्याबरोबर भिंतीपाशी चल. घरातल्या सगळ्यांचं एकमत लागतं आणि तू अजून या घरातली आहेस. उंबरा ओलांडेपर्यंत तरी."

आमच्या चौकोनात मी बूट काढून ठेवले होते, नाड्या सैल, आणि टाचेची जागा कोरी. कोळसा तिच्या हातात दिला.  तिने डाव्या हाताने दोन रेघा ओढल्या आणि टाच चेपली. दुसरी चेपली.

आणि तो आला. खरं सांगते, माझ्या चित्रात कधी आला नव्हता तो. घामेजलेला, घाईत, बूट दारात टाकून "आई, पाणी" म्हणणारा. माझ्या तोंडून त्याचं नाव निघालं. तिच्याही. आम्ही दोघी रस्त्यात एकमेकींना धरून रडलो आणि कंडक्टरांनी येणारी सायकल हात करून थांबवली.

मग ती भिंतीच्या कडेकडेने, एकेका घराचं चिन्ह ओलांडत, त्या टोकाला गेली.

११ मार्च

भिंत पूर्ण झाली. लोक बघून जातात. बूट जुने का काढले, असं एकाने विचारलं. म्हटलं, तसेच होते.

फळीवरचे बूट काढून आतले कागद काढले. टाच आता चेपायला जावं तर चेपत नाही, कडक झाली आहे. तशीच ठेवली.

सकाळी भाजी चिरायला ओट्याशी गेले. सवयीने डाव्या कोपऱ्यात सरकून उभी राहिले. बराच वेळ चिरत होते. कोपर कशालाच लागलं नाही.